दहा हातांची केबल

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. ही खोड कारखान्याच्या गेटपाशी सोडून घरी जाता येत नाही. बायको म्हणते, तुम्ही भाकरी खाता का तपासता? मी हसण्यावारी नेतो, पण ती काही खोटं बोलत नाही. माझ्या या खोडीपायी माझ्या वडिलांचं जे नुकसान झालं ते लिहायला बसलोय. नुकसान एका केबलवरून झालं असं म्हटलं तर कुणी हसेलही.

आमचं गाव घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना शिनोलीच्या पुढे आत वळून आहे. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांना आयुष्यात एकच नाद, बैलगाड्याचा. आमच्याकडे शर्यतीच्या चढाच्या रस्त्याला घाट म्हणतात. चार बैल जुंपलेला गाडा त्या घाटातून वर पळतो आणि वर घड्याळ सेकंद मोजतं. एका गाड्याच्या एका धावण्याला बारी म्हणतात. आबांनी स्वतः गाडा पळवला, बैल सांभाळले, बंदीच्या वर्षांत नुसतेच बैल पोसले आणि आईचं बोलणं खाल्लं. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तोवर आबांचे गुडघे गेले होते. घाटातल्या त्या गर्दीत, धुळीत, चढावर उभं राहणं शक्यच नव्हतं. घरचा एक खोंड, रंगावरून कोसा म्हणायचे त्याला, त्यांनी वासरापासून वाढवला होता. तो त्यांनी आईच्या भाच्याला, म्हणजे पेठ गावच्या माझ्या मामेभावाला देऊन टाकला. दिला त्या दिवशी आबा जेवले नाहीत एवढंच आई सांगते.

हल्ली सगळ्या शर्यती मोबाईलवर लाईव्ह दिसतात. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आबांना तळहाताएवढ्या काचेवर काही उमगायचं नाही. सगळे बैल त्यांना सारखेच दिसायचे, आणि बैल ओळखू न येणं ही त्यांच्या दृष्टीनं फार अपमानाची गोष्ट होती. घरात टीव्ही मोठा, पण जुना. इंटरनेटचा नाही. मग मी म्हटलं, आपण मोबाईल टीव्हीला जोडू.

अडचण अशी की आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती एकाच ठिकाणी, पूर्वेच्या खिडकीत. फोन जरा आत आणला की चाक फिरत बसतं. आणि टीव्ही आहे बरोबर समोरच्या भिंतीवर. म्हणजे फोन खिडकीत ठेवायचा, त्याला फोनवरचं चित्र केबलीत सोडणारी एक छोटी डबी लावायची आणि डबीपासून टीव्हीपर्यंत खोली ओलांडून केबल न्यायची. एचडीएमआय केबल. घोडेगावात मिळाल्या त्या सगळ्या हातभर लांबीच्या, म्हणून मंचरला जायचं ठरलं.

मी तीन संध्याकाळी मोबाईलवर वाचून तयारी केली होती. कुठल्या नंबरची केबल, चार के का आठ के, टोकाला काय धातू, वर कसलं आवरण, सगळं पाठ. आबांनीही त्यांच्या परीनं तयारी केली होती. खिडकीपासून टीव्हीपर्यंत बैलाचं दावं धरून मापलं, तिथं गाठ मारली आणि ते दावंच पिशवीत घालून बरोबर घेतलं. मी म्हटलं, "आबा, मी टेपनं मोजलंय, पंधरा फूट." ते म्हणाले, "आसूं दे. दहा हात हाय. दुकानात लावून बघता यील."

दुकानात त्यांनी ते दावं काउंटरवर काढलं तेव्हा मला लाज वाटली. दुकानदार हसला, "बाबा, टीव्ही बांधायचाय का बैल?"

"दोनी बी," आबा म्हणाले. "बैल टीव्हीत बांधायचाय."

दुकानदार खूश झाला. तोही त्याच नादातला निघाला. त्यानं तीन केबली काढल्या. एक अगदी बारीक, एक मध्यम, एक जाडजूड, सोनेरी टोकांची, वर विणलेलं कव्हर असलेली. मी माझे प्रश्न सुरू केले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, ह्याच्यात चित्र येतं, न्हाईतर येत न्हाई. जुन्या अँटेनासारखं मुंग्या यायचं काम न्हाई. तुमचा टीव्ही साधा हाय, त्याला ह्या सोन्याच्या टोकाचा काय उपेग? टोकाला सोन्याचं पाणी दिलं म्हणून बैल काय जोरात पळणार न्हाई. लांबी जास्त हाय म्हणून ही बारीक नको, मधली न्या. बास झाली."

आबांनी मधली हातात घेतली. दोन बोटांत धरून पीळ दिला, वळवली, सोडली. मग जाड घेतली आणि तसंच केलं. जाड केबल काठीसारखी परत सरळ झाली.

"ही घे," त्यांनी मधली पुढं केली. "हिला वळ हाय. ती लई ताठ हाय. वळवली का आतनं मोडंल."

"आबा, ही दोरी न्हाई," मी म्हणालो.

आणि जाड घेतली. दोन माणसं सांगत होती, एक विकणारा आणि एक वापरणारा, आणि दोघांचंही मी ऐकलं नाही. त्या वेळी मला वाटलं, बापासाठी सगळ्यात भारी तीच वस्तू घ्यावी. त्यात प्रेम होतं हे मी नाकारत नाही. पण दुकानात आपलं शहाणपण पाजळायची हौसही होती, आणि ती प्रेमापेक्षा जास्त होती असं आता वाटतं.

घरी येऊन जोडली. चित्र असं आलं की आबा खाटेवरून उठून टीव्हीजवळ गेले आणि काचेला हात लावून बघितला. मी त्यांना फोन कसा ठेवायचा, डबी कशी लावायची, टोक कुठं खुपसायचं, रिमोटनं काय करायचं, सगळं शिकवलं. त्यांनी चार वेळा माझ्यासमोर करून दाखवलं. निघताना मी सांगितलं, "आबा, केबल लई भारीतली हाय बरं का. जपा. उंदीर लागू देऊ नका, कुणाच्या पायात येऊ देऊ नका." एवढंच सांगितलं. कशी जपायची ते काही सांगितलं नाही.

तो चैत्र आणि वैशाख आबांनी जितक्या मजेत घालवला तितक्या मजेत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ज्या दिवशी कुठं यात्रा असेल त्या दिवशी सकाळी अंघोळ करून धुतलेला सदरा घालायचे, टोपी घालायचे. गावाला निघाल्यासारखी सगळी तयारी, आणि जाऊन बसायचे आपल्याच घरातल्या खाटेवर. आई म्हणायची, "पावणं, च्या घेणार का?" शेजारपाजारचे पाच-सहा जण यायचे. गाडा सुटला की आबांच्या तोंडून भिर्रर्र निघायचं आणि आईच्या हातातलं भांडं खाली पडायचं. बैल घाटात शिरला की ते त्याच्या चालीवरून सांगायचे, ह्याचा उजवा खुर दुखतोय, हा पुढच्या वर्षी पळणार न्हाई. फोन करून मला निकाल सांगायचे. मी मशीनच्या आवाजात हो हो म्हणायचो.

शर्यत संपली की ते फोन काढायचे, डबी काढायची आणि केबल दोन्ही टोकांनी सोडवायची. सोडवणं भागच होतं. खोलीच्या मधोमध ती ताणलेली, येणारा-जाणारा अडखळणार. मग ती ते गुंडाळायचे. दोरी गुंडाळतात तशी. एक टोक मुठीत, तळव्यापासून कोपरापर्यंत वेढे, प्रत्येक वेढा खेचून घट्ट, शेवटी मधोमध चार आडवे फेरे आणि गाठ. मग खुंटीला. शेतकऱ्याच्या घरात दोरी अशीच ठेवतात. सैल टाकली तर ती गुंतते, कुजते, उंदीर खातात. आबांची दावी वीस-वीस वर्षं टिकलेली आहेत. जी वस्तू पोरानं जपायला सांगितली ती त्यांनी त्यांना येत होतं तितकं जपली.

हे गुंडाळणं मी दोनदा तरी डोळ्यांनी पाहिलं. खाटेवर बसून चहा पीत पाहिलं आणि मनात म्हणालो, किती नीट ठेवतात. कारखान्यात गाड्यांच्या तारांच्या हजारो जुड्या, ज्यांना हार्नेस म्हणतात, माझ्या हाताखालून जातात. तार किती वाकवायची याचा तक्ता माझ्या टेबलावर काचेखाली आहे. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

वैशाखाच्या शेवटाला पेठेकडच्या एका गावची यात्रा होती. सकाळीच मामेभावाचा आबांना फोन आला, "आबा, आज तुमचा कोसा फुडं जुपलाय. बारी दुपारची हाय. टीव्ही लावून बसा." त्या दिवशी माझी सुट्टी होती. मोटारसायकलवरून मी घरी पोहोचलो तेव्हा दारात दहा-बारा जोड चपला होत्या. आत सगळी माणसं टीव्हीकडे तोंड करून, आणि टीव्ही निळा. वर पांढऱ्या अक्षरांत, सिग्नल नाही.

"आला, आला, आमचा इंजिनेर आला," कुणीतरी म्हणालं.

आबा टीव्हीपाशी उभे होते. टोक काढत होते, लावत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. "काय झालंय कळंना रं," ते मला म्हणाले. "कालपतूर बरं व्हतं."

मी हेल्मेटसुद्धा नीट ठेवलं नाही. केबल हातात घेतली. जागोजागी मोडल्यासारखे बाक पडलेले, प्रत्येक हातभर अंतरावर एक. एका बाकापाशी दाबलं की चित्र लखकन यायचं आणि जायचं. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर माझं डोकं फिरलं. फाट्यापासून ऊन लागलं होतं, वाटेत चढावर ट्रकच्या मागं अर्धा तास अडकलो होतो, ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला सांगितली.

"ही दोरी हाय का आबा?" मी ओरडलो. "कोपराला गुंडाळून गाठी मारल्यात! एवढी भारी वस्तू आणून दिली, तिचं दावं करून ठेवलं! कळत न्हाई त्यातलं, तर हात कशाला लावता? आपला टीव्ही बंद करून गप बसावं!"

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. आबांच्या बरोबरीची माणसं होती ती. त्यांच्यातले दोघं-तिघं तर आबांनी गाड्याला हात लावायला शिकवलेले.

आबांनी खाली बघितलं. केबलचं दुसरं टोक त्यांच्याच हातात होतं. ते सवयीनं गुंडाळायला लागले. दोन वेढे कोपराभोवती घेतले आणि थांबले. मग वेढे सोडवले आणि ती सगळी केबल तशीच सैल माझ्या हातात ठेवली. जाऊन खिडकीखालच्या खाटेवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

खिडकीतला फोन मात्र चालूच होता. त्यातून घाटातल्या निवेदकाचा आवाज येत होता, आणि तो आमच्या कोशाच्या गाड्याचं नाव घेत होता. माणसं फोनभोवती गोळा झाली. मी फोन घेऊन आबांपुढं धरला. "आबा, ह्याच्यावर बघा. चालू हाय." म्हणजे मी लगेच वरमलो होतो, पण शब्द बाहेर गेले होते.

"तुमी बघा," ते म्हणाले. "मला आवाज येतोय."

कोसा फार सुंदर पळाला. सगळ्यांनी आरडाओरडा केला. एक जण वळून म्हणाला, "आबा, पयला! तुमचा कोसा पयला आला!" आबांनी मान हलवली. ते खिडकीच्या बाहेर बघत होते. पुढच्याच महिन्यात कोशाचा पाय मुरगळला आणि तो परत घाटात उतरला नाही. आबांनी हातानं वाढवलेला बैल आबांनी पळताना पाहिला नाही तो नाहीच.

माणसं गेल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "तू जेवणार हाईस का जाणार हाईस?"

दुसऱ्या आठवड्यात ती मेलेली केबल घेऊन मी मंचरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं बाक बोटानं चाचपले आणि विचारलं, "बाबांनी गुंडाळली व्हय? पर भाऊ, कशी गुंडाळायची त्ये तुमी त्यास्नी सांगितलं व्हतं का?"

आमच्या कारखान्यात एक पार्ट बिघडला तर फॉर्म भरावा लागतो. त्यात पाच वेळा ‘का’ विचारायचं असतं. का बिघडला, ते का झालं, तेही का झालं, असं करत मुळाशी जायचं. पहिल्याच ‘का’वर कामगाराचं नाव लिहिलेला फॉर्म मी स्वतः फाडून परत पाठवतो. इथं पाच वेळा विचारलं असतं तर काय निघालं असतं? केबल मोडली, कारण दर वेळी घट्ट गुंडाळली. दर वेळी गुंडाळली, कारण ती पायात येत होती. पायात येत होती, कारण मी ती भिंतीनं नेली नाही. लवकर मोडली, कारण ताठ होती. ताठ होती, कारण मी ती निवडली. एकाही ओळीत आबांचं नाव येत नाही.

मी मधली केबल आणली, या खेपेला दुप्पट लांबीची. खिडकीपासून छताच्या कडेनं, चिमट्यांचे खिळे मारत ती टीव्हीपर्यंत नेली. अर्ध्या तासाचं काम. आता काढायची नाही, गुंडाळायची नाही, फक्त खिडकीतलं टोक फोनच्या डबीला लावायचं. आजपर्यंत ती एकदाही बिघडलेली नाही. आबांना म्हटलं, "बघा, आता एवढंच करायचं. करून बघा."

"नको," ते म्हणाले. "तुझ्या हातानं बरं ऱ्हातंय. तू आल्यावर लावत जा."

रागानं म्हणाले असते तर मी भांडलो असतो, पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं. पण त्यात राग नव्हता. त्यांना ते खरंच पटलं होतं. मी सुट्टीला जातो तेव्हा लावतो आणि ते बघतात. सदरा-टोपी आता घालत नाहीत. माझी सुट्टी आणि यात्रा एका दिवशी आली तर शर्यत दिसते, नाही तर नाही. आई सांगते, यात्रेच्या दिवशी ते बंद टीव्हीकडे बघत बसतात. फोन खिडकीत असतो, टोक त्याच्याशेजारी लोंबत असतं. शेजारी येत नाहीत. कशाला येतील?

एकदा गुडघ्यासाठी त्यांना घोडेगावला दवाखान्यात नेलं होतं. नंबराची वाट बघत बाकावर बसलो असताना मी धीर करून म्हणालो, "आबा, त्या दिवशी माझं चुकलं. चारचौघांत मी तसं बोलायला नको व्हतं."

"कवा?" ते म्हणाले. मग गुडघा चोळत म्हणाले, "आरं, खरंच व्हतं की. बिघडलीच ना माझ्या हातनं."

"न्हाई आबा. केबल मी चुकीची घेतली व्हती. तुमी म्हणला व्हता तीच घ्यायला पायजे व्हती."

"मला काय त्यातलं," असं म्हणून ते हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझीच समजूत घालत होते. मला त्या बाकावर रडू आलं, आणि शेजारच्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला काही मोठं दुखणं असावं.

हे केबलीपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी एकेका वस्तूवरून हात काढून घेतला. विहिरीवरच्या मोटारीला नवा स्टार्टर बसवला, तो ते चालू करत नाहीत, शेजारच्या पोराला हाक मारतात. गॅसला हात लावत नाहीत. चहा हवा असेल तर आईची वाट बघतात. मोबाईल वाजला तर उचलून आईकडे नेतात.

या उन्हाळ्यात मी त्यांच्या खाटेच्या वर छताला नवा पंखा बसवला, रिमोटचा. परवा दुपारी अचानक गेलो तर आई शेतात होती आणि आबा एकटे खाटेवर बसले होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. पंखा बंद. मला वाटलं वीज गेलीय. पण देवापुढचा लाल दिवा चालू होता.

"आबा, लाईट कवा आली?"

"झाला आसंल तासभर."

रिमोट त्यांच्या मांडीवर होता. मला बघितल्यावर त्यांनी तो उचलला, पंख्याकडे धरला, अंगठा बटनावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"लावू का?" त्यांनी मला विचारलं.